तीन रुपये किलोचं कातरण आणि लेदर बोर्डाचं मशीन

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. नाशिकच्या अंबडला तुमचं बेल्ट, पाकिटं आणि लॅपटॉप बॅगांचं युनिट आहे, बारा माणसं कामाला आहेत. महिन्याला सव्वाशे किलो कातरण निघतं. भंगारवाला ते ३ रुपये किलोने उचलतो. सिन्नरकडचा एक वीटभट्टीवाला ४ रुपये देतो म्हणतोय. तुमच्या मेव्हण्यांनी व्हिडिओत पाहिलं की चामड्याच्या कचऱ्यापासून लेदर बोर्ड (चामड्याच्या लगद्याचे पुठ्ठे), जिलेटिन, खत असं काय काय होतं. एका दलालाने लगेच १८ लाखांच्या मशीनचं कोटेशनही हातात ठेवलं. मशीन घ्यावं का आणि त्याला अनुदान मिळेल का, हे तुम्हाला हवंय.

मशीन घेऊ नका. पण एवढं सांगून थांबलो तर तुम्ही उद्या दुसऱ्या दलालाला फोन लावाल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमची अडचण मशीनची नाहीच मुळी. तुम्ही लिहिलंय, "सगळं मिक्स आहे, काळं, तपकिरी, थोडं करडं अस्तर, आणि रेक्झिनचे तुकडेही असतात." गोणीत नेमकं काय आहे ते तुम्हालाच माहीत नाही, घेणाऱ्याला तर नाहीच. माहीत नसलेल्या मालाला भंगाराचाच भाव मिळतो. ३ रुपये का मिळतात याचं कारण तुमच्या त्या एका वाक्यात आलेलं आहे.

मी या धंद्यात २७ वर्षं आहे. पहिली काही वर्षं तमिळनाडूत टॅनरीत, म्हणजे कातडी कमावायच्या कारखान्यात, काढली, मग नाशिकला परतून सातपूरला शेड घेतली. गेली बरीच वर्षं नुसत्या तुकड्यांवरच काम करतो. त्यामुळे पुढचं जे लिहितोय त्यातलं बरंचसं स्वतःचे पैसे घालवून शिकलेलं आहे.

आधी एक हिशोब करू, कारण तो कुणी करत नाही. पाकिटाच्या, बॅगेच्या कामाचं सव्वा मिलिमीटरच्या आसपासचं कातडं घ्या. त्याचा एक चौरस फूट साधारण १०० ग्रॅम भरतो. म्हणजे एक किलो कातरण म्हणजे दहा फूट कातडं. तुमच्या सव्वाशे किलोतून रेक्झिन आणि इतर चिल्लर वजा करून १०० किलो खरं चामडं धरू. ते झालं १००० फूट. समजा तुम्ही सरासरी ९० रुपये फुटाने माल घेता. म्हणजे दर महिन्याला ९०,००० रुपयांना विकत घेतलेलं कातडं तुम्ही ३०० रुपयांना विकताय. भट्टीवाला १०० रुपये जास्त देतोय, बस.

हे वाचून पोटात गोळा आला असेल तर चांगलंच आहे. आता पुढे बघा. हे १००० फूट तुमच्या एकूण मालाचा चौथा हिस्सा असेल, तर महिन्याला तुम्ही ४००० फूट घेताय आणि ३००० फूट मालात लागतंय. वाया जाणं २५ टक्क्यांवरून २० वर आणलं तर तेवढ्याच मालाला ३७५० फूट पुरतं. २५० फूट वाचलं, म्हणजे २२,५०० रुपये, दर महिन्याला, कुठलंही मशीन न घेता. कचऱ्यातून एवढी कमाई करायला तुम्हाला किती कीचेन विकाव्या लागतील ते मोजा.

ते वाचवायचं कटिंगच्या टेबलावर. आमच्याकडे कटिंगला एक मामा आहेत. कातडं आलं की ते आधी कापत नाहीत. टेबलावर पसरतात, तळहाताने पाठीच्या कण्यापासून पोटाकडे दाबत जातात, जिथे ढिलं लागतं तिथे खडूने रेघ मारतात. मग व्रण, गोचिडाचे डाग, कसायाच्या सुरीचे काप यांना गोल. पाचेक मिनिटं जातात यात. त्यानंतर बेल्टच्या पट्ट्या कण्याच्या रेषेत, कारण तिथे कातडं ताणलं जात नाही. बॅगेचे मोठे पॅनेल त्याच्या बाजूला. पाकिटाचे आतले कप्पे पोटाकडच्या भागातून. आणि खडूच्या गोलांच्या आजूबाजूला लहान डाय (कापायचे साचे) बसवत जायचे, झिपची ओढणी, बॅगेचा कोपरा, लूप. तुमच्याकडे बहुतेक उलट होतं, आधी जे घाईचं ते कापतात आणि उरलं ते गोणीत. नव्या पोराला फुटावर नाही, तुकड्यांच्या संख्येवर मजुरी दिली की असंच होणार.

आता व्हिडिओकडे येऊ. त्यात दाखवलेलं खोटं नसतं, पण तो कचरा वेगळा आणि तुमचा वेगळा. मिठातलं एक टन कच्चं कातडं टॅनरीत गेलं की तयार चामडं साधारण २०० ते २५० किलोच निघतं. बाकीचं प्रत्येक पायरीवर गळत जातं. चुन्यातून काढल्यावर आतल्या बाजूचं मांस-चरबी खरवडतात, त्याला फ्लेशिंग म्हणतात. कच्च्या कातड्याच्या कडा छाटतात. या दोन्हींवर अजून टॅनिंग (कमावणं) झालेलं नसतं, म्हणून त्यांचा सरस, जिलेटिन, बायोगॅस करणं सोपं. मग क्रोमियमच्या क्षाराच्या ड्रममधून निळसर ओलं कातडं बाहेर येतं, ते वेट ब्लू. त्याची जाडी एकसारखी करताना लाकडाला रंधा मारताना पडतो तसा भुगा पडतो, ते शेव्हिंग. लेदर बोर्डाच्या कारखान्याला हवं असतं ते हे, मऊ, ओलं, रंग नसलेलं. सगळ्यात शेवटी रंग, तेल, वर पीयूचा (पॉलियुरेथेन प्लॅस्टिकचा) थर चढवून झालेलं कातडं तुमच्याकडे येतं आणि त्याचं कातरण पडतं. म्हणजे तुमचा कचरा हा या साखळीतला सगळ्यात महागडा आणि परत तंतूत मोडायला सगळ्यात कठीण. एवढा खर्च करून जी वस्तू चामडं झाली, तिचा पुन्हा लगदा करायचा म्हणजे शिवलेला सदरा उसवून कापूस करण्यासारखं आहे.

हे मला कसं कळलं ते सांगतो. २००९ साली मीही हेच स्वप्न पाहिलं होतं. मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून दोन टन माल घेतला. त्याने "शेव्हिंग" म्हणून दिला, आत निम्मं तयार कातरण. हॅमर मिल घेतली, जुना हायड्रॉलिक प्रेस घेतला, केरळहून रबराचा चीक मागवला. कागदावर कृती सोपी होती: कातडं दळायचं, पाण्यात लगदा करायचा, चीक मिसळायचा, तुरटीने तो तंतूंवर बसवायचा, पाणी दाबून काढायचं, वाळवायचं. पहिल्याच दिवशी चीक लगद्यात ओतला आणि दूध नासावं तसा क्षणात फाटला. बादलीभर रबराच्या गुठळ्या हातात आल्या. क्रोम कातडं आम्लधर्मी असतं, आधी सोडा घालून ते उदासीन करावं लागतं, हे मी टॅनरीत काम केलेला माणूस उत्साहात विसरलो होतो. ते दुरुस्त केलं. मग वरच्या पीयूचे पापुद्रे लगद्यात मिसळेचनात, बोर्डात चमकीसारखे उठून दिसायचे आणि दुमडलं की तिथूनच चीर पडायची. त्यात आला जुलै. नाशिकचा पाऊस, पत्र्याची शेड, वाळवायला नुसते पंखे. चार दिवसांत बोर्डांवर पांढरी बुरशी आणि कडा पापडासारख्या वळलेल्या. एका इनसोलवाल्याने दहा शीट फुकट नेले आणि आठवड्याने परत आणून दिले. प्रेस शेवटी लोखंडाच्या भावात गेला.

लेदर बोर्ड हा वाईट धंदा नाही. तो टनांचा धंदा आहे. कागदाच्या गिरणीसारखा तो अखंड चालावा लागतो, पाणी भरपूर लागतं, सांडपाण्याची प्रक्रिया लागते, बारमाही ड्रायर लागतो. तुमचा माल दिवसाला चार-पाच किलो. त्या मशीनचा तो एक घासही नाही. बाहेरून शेव्हिंग आणू म्हणाल, तर नाशिकच्या आसपास टॅनऱ्यांची मोठी वस्ती नाही, आणि शेव्हिंगच्या वजनात जवळपास निम्मं पाणी असतं. शेकडो किलोमीटर पाणी वाहून आणायचं भाडं कोण भरणार? हीच गोष्ट टॅनरीच्या कुंपणाला लागून राहणाऱ्या माणसाने विचारली असती, तर मी वेगळं उत्तर दिलं असतं.

जिलेटिनचंही तसंच. क्रोमवाल्या शेव्हिंगपासून ते काढता येतं. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पेनसिल्व्हेनियातल्या संशोधन केंद्राने १९९०च्या दशकात त्यावर पुष्कळ काम केलं: मॅग्नेशियम ऑक्साइड घालून ७० अंशांच्या आसपास शिजवायचं, जिलेटिन पाण्यात उतरतं, क्रोमचा गाळ वेगळा होतो आणि तो परत टॅनिंगला वापरता येतो. आपल्याकडे चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेतही, जी १९४८ पासून आहे, चामड्याच्या कचऱ्यावर सतत काम चालू असतं. पण हे रसायनाचे कारखाने झाले. बेल्टच्या युनिटमागच्या मोरीत होण्यासारखं ते नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, क्रोम आणि व्हेज ओळखणं. क्रोम म्हणजे क्रोमियमच्या क्षाराने कमावलेलं, व्हेज म्हणजे बाभळीच्या सालीने, हिरड्याने कमावलेलं. कोल्हापुरीचं कातडं हे दुसऱ्या जातीचं. तुमच्या मालात बहुतेक क्रोमच असेल, बेल्टची काही पानं व्हेज असतील. पहिली खूण कापलेल्या कडेची: आत निळसर राखाडी रेघ दिसली तर क्रोम, आरपार तपकिरी असेल तर बहुधा व्हेज. बहुधा म्हणतोय, कारण हल्ली रंग आतपर्यंत मुरवतात.

म्हणून दुसरी परीक्षा. बोटभर लांब, अर्धा इंच रुंद पट्टी कापा, कागदावर तिची लांबी पेन्सिलीने आखून घ्या आणि उकळत्या पाण्यात एक मिनिट टाका. क्रोमची पट्टी जशीच्या तशी बाहेर येते. व्हेजची आखडते, वाळक्या मिरचीसारखी वळते, गार झाली की कडक. साधारण ७५ ते ८५ अंशांनाच ती हार मानते. ग्लुटराल्डिहाइडने कमावलेलं वेट व्हाइट नावाचं क्रोमविरहित कातडंही आखडतं, पण त्याची कड सहसा पांढुरकी असते.

जुने लोक तिसरी परीक्षा करतात, हिराकसाची. चिमूटभर हिराकस (लोहाचा क्षार) पाण्यात विरघळवून एक थेंब कातड्याच्या मागच्या बाजूला सोडायचा. व्हेज असेल तर बघता बघता निळाकाळा डाग पडतो. हिरडा आणि हिराकस, आपल्या काही जुन्या पोथ्यांची शाईसुद्धा याच मेळाची. पण हिच्यावर एकटीवर विसंबू नका. बरंच क्रोम कातडं नंतर थोडं व्हेजमध्येही घोळवलेलं असतं, त्याच्यावरही डाग काळा पडतो. शेवटचा शब्द उकळत्या पाण्याचा. कातडं जाळून राखेचा रंग बघायची पद्धतही तुम्हाला कुणीतरी सांगेल. ती करू नका, कारण पुढे येतंय.

रेक्झिन ओळखायला काहीच लागत नाही, मागे कापडाची वीण दिसते. फसवतं ते स्प्लिटवर, म्हणजे कातडं चिरून काढलेल्या खालच्या थरावर, पीयूचा थर चढवलेलं कातडं. मागून अस्सल, केसाळ, पुढून गुळगुळीत. नखाने कोपरा सोलला की वरची कातळी प्लॅस्टिकसारखी निघून येते.

वीटभट्टीवाल्याला माल देऊ नका. एक रुपया जास्त मिळतोय म्हणून तर नाहीच. कातड्यातलं क्रोमियम तीन संयुजेचं असतं, ते तुलनेने निरुपद्रवी. पण हवेत जाळलं, त्यातही चुना-क्षारांच्या सान्निध्यात, की त्यातलं काही सहा संयुजेचं होतं. ते श्वासातून गेलं की फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला पहिल्या गटात, म्हणजे निश्चित कर्ककारकांत, टाकलेलं आहे. त्यात रेक्झिनचं पीव्हीसी जळून आम्लाचा धूर वेगळा. भट्टीवर राहणारी कुटुंबं तिथेच झोपतात, मुलं राखेत खेळतात. जाळून बघायची परीक्षा नको म्हणालो ती याचसाठी.

खताचं म्हणाल, तर तुमच्या मेव्हण्यांच्या म्हणण्यात अर्धं तथ्य आहे. कातड्यात नत्र भरपूर असतं. इटलीत वाफेवर शिजवून त्याचं खत करायची जुनी रीत आहे. पण तुमचे चुलते निफाडला द्राक्षं लावतात म्हणून कातरण तसंच बागेत गाडायचं हे डोक्यातून काढा. टॅनिंग करतात ते कशासाठी? कातडं कुजू नये म्हणून. जे कुजू नये म्हणून एवढा खटाटोप केला, ते कंपोस्टच्या ढिगात वर्षभर बुटाच्या जिभेसारखं तसंच निघतं. आणि आकडा बघा. १९८५च्या खत नियंत्रण आदेशात कंपोस्टमध्ये किलोला जास्तीत जास्त ५० मिलिग्रॅम क्रोमियम चालतं. क्रोम कातड्यात किलोला २५,००० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. म्हणजे एक किलो कातरणाने ५०० किलो स्वच्छ कंपोस्टची मर्यादा एकट्याने गाठली. ज्यांची द्राक्षं युरोपात जातात, त्यांनी असला जुगार खेळू नये.

तिसरा गिऱ्हाईक तुमच्याकडे अजून आला नसेल, पण नाशिकला कोंबड्यांचा धंदा मोठा आहे, येऊ शकतो. "प्रथिनं आहेत, शिजवून खाद्यात घालतो" म्हणेल. ढाक्यात हजारीबागच्या टॅनऱ्यांच्या क्रोम कातरणाचं असं कोंबडीखाद्य व्हायचं. तिथल्या उच्च न्यायालयाला २०११ मध्ये ते बंद करायचा आदेश द्यावा लागला. त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

इथवरचं थोडक्यात: कापताना वाचवा, क्रोम-व्हेज-रेक्झिन वेगळं करा, लगदा करायच्या नादी लागू नका, आणि जाळणं, पुरणं, चारणं तिन्ही वर्ज्य. उरलं ते तुकडे तुकड्यासारखेच विकणं, आणि खरी गंमत तिथेच आहे.

कटिंगच्या टेबलाखाली एक गोणी आहे तिथे चार क्रेट ठेवा. तळहातापेक्षा मोठे तुकडे एकात, लांब पट्ट्या दुसऱ्यात, बोटाएवढी चिल्लर तिसऱ्यात, रेक्झिन चौथ्यात. व्हेजचा पाचवा ठेवता आला तर उत्तम. दिवसाअखेर निवडत बसायचं ठरवलंत तर ते कधीच होणार नाही; हात कातड्यावर असतानाच तुकडा योग्य क्रेटमध्ये पडला पाहिजे. आमच्याकडे हे अंगवळणी पडायला दोन महिने लागले आणि मामांनी तिसऱ्या दिवशी चारही क्रेट एकात ओतून माझी परीक्षाही घेतली.

मोठ्या तुकड्यांसाठी गिऱ्हाईक तुमच्या गल्लीतच आहे. सातपूर-अंबडला फॅब्रिकेशनची, फोर्जिंगची वर्कशॉप किती आहेत! क्रोम स्प्लिट चटका बऱ्यापैकी सोसतं, म्हणून गरम जॉब धरायच्या हातातल्या गाद्या, वेल्डरच्या मोज्यांना तळव्यावर जादा थर, हत्यारांची म्यानं हे सगळं तुकड्यांत बसतं. तिथे रंग जुळायची गरज नसते. एका हातावर काळं, दुसऱ्यावर तपकिरी चालतं, शिवण पक्की हवी.

माझा सगळ्यात चाललेला माल म्हणजे द्राक्षबागेतल्या छाटणीच्या कात्रीचं म्यान. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, या दोन हंगामांत पिंपळगाव, निफाड, दिंडोरी पट्ट्यात हजारो माणसं दिवसभर कात्री घेऊन उभी असतात. कात्री खिशात ठेवली की खिसा फाटतो, कमरेला खोचली की मांडी कापते. मी पहिली पन्नास म्यानं हौसेने व्हेजची केली, ओली असताना कात्रीच्या आकारावर दाबून घेतली, दिसायला झकास. आठवड्याने छाटणीवाल्यांचा एक मुकादम त्यातलं एक म्यान परत घेऊन आला. दवाने ओली कात्री, लोखंड आणि बाभळीचं कातडं: आतून शाईसारखं काळं झालेलं, पात्यावर गंजाचे ठिपके. हिराकसाची परीक्षा मला माहीत होती, पण आपणच ती करून बसतोय हे लक्षात आलं नव्हतं. मग क्रोम बफ (म्हशीचं क्रोम कातडं) घेतलं, दोन तुकडे, चार रिव्हेट, आणि खालचं टोक उघडं ठेवलं. बंद टोकात पानांचा चुरा आणि चिखल साचतो, हे त्या मुकादमानेच सांगितलं. अजून तेच डिझाइन चालू आहे.

व्हेजचे जाड तुकडे वॉशरवाल्यांना द्या. रॉकेलच्या स्टोव्हच्या पंपात जो वाटीसारखा चामड्याचा वॉशर असायचा, तो आठवतो का? स्टोव्ह गेले, पण हातपंप आणि सायकलचे पंप यांची दुरुस्ती करणारे अजूनही मागतात. ओलं करून साच्यात दाबायचं, वाळलं की तेलात बुडवायचं. तिथे क्रोम चालत नाही, ते साच्याचा आकार धरत नाही. मागणी थोडी आहे, पण भाव किलोवर नाही, नगावर असतो. चपला करणारे कारागीरही टाचेच्या थरांसाठी असे तुकडे घेतात.

पट्ट्या विणकामाला, बॅगेच्या लेसला. ढोलपथकांचे लोकही येतात, ढोल कमरेला घासतो तिथे बांधायच्या गादीला वरून चामडं हवं असतं. गणपतीआधी दोन महिने त्यांचा तगादा असतो. चिल्लर मात्र कुणालाच नको असते. तिचा मला सापडलेला एकच बरा उपयोग म्हणजे व्यायामशाळेतल्या पंचिंग बॅगा भरणं, कापडाच्या चिंध्यांबरोबर मिसळून. बंद पिशवीत राहतं, कुणाच्या अंगाला लागत नाही. स्कायव्हिंगचा (कडा तासून पातळ करण्याचा) आणि कडा घासल्याचा भुसा यात घालू नका. तो वेगळ्या बंद पिशवीत, काम करणाऱ्याच्या तोंडाला मास्क, आणि ब्लोअरने उडवणं बंद. त्याची रीतसर विल्हेवाट कशी लावायची ते महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नाशिक कार्यालयात विचारा. घातक कचऱ्यासाठी रांजणगावला सामायिक व्यवस्था आहे, पण तुमचा भुसा २०१६च्या नियमांखाली नेमका कुठे बसतो ते मंडळाकडूनच लेखी घेतलेलं बरं.

बाहेर देशी माल पाठवणार असाल तर एक इशारा. युरोपात अंगाला लागणाऱ्या चामड्यात सहा संयुजेचं क्रोमियम किलोला ३ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, २०१५ पासून. तुम्ही म्हणाल आमच्या कातड्याला सर्टिफिकेट आहे. माझ्याकडेही होतं. वर्षभर पत्र्याखाली उन्हात पडलेल्या तुकड्यांचे कोस्टर केले, तपासणीत नमुना नापास झाला. उष्णता, ऊन, कोरडी हवा आणि कातड्यातली काही तेलं मिळून निरुपद्रवी क्रोमियमचं दुसरं रूप होऊ शकतं. तेव्हापासून तुकडे खालच्या खोलीत, सावलीत आणि सहा महिन्यांच्या आत वापरून टाकतो.

अनुदानाबद्दल थोडक्यात. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादन उद्योगाला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो आणि वर्गवारीप्रमाणे १५ ते ३५ टक्के अनुदान मिळतं, पण ते नव्या युनिटला. तुमचं युनिट चालू आहे, त्यामुळे दलाल सांगतो तितकं ते सोपं नाही. घरातल्या कुणाच्या नावाने तुकड्यांच्या वस्तूंचं वेगळं युनिट काढायचं असेल तर जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन बसा. समाजाच्या निकषात बसत असाल तर संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाच्या योजनाही बघा. तेव्हासुद्धा १८ लाखांची गरज नाही. एक क्लिकिंग प्रेस (डाय दाबून कातडं कापायचं मशीन), डझनभर डाय, एक स्कायव्हिंग मशीन, दोन जाड शिलाईची मशीनं, सेकंडहँड मिळतात.

क्रेट उद्यापासून ठेवा आणि महिनाभर रोजचं वजन वहीत लिहा. माझा हिशोब तुमच्या शेडमध्ये तंतोतंत बसेलच असं नाही; तुम्ही शेळीचं घेता की म्हशीचं, जाडी किती, डिझाइन किती वेळा बदलतं यावर ते वर-खाली होईल. आणि ते करडं अस्तर आधी तपासा. भिंगाखाली धरा. तीन-तीन छिद्रांचे पुंजके, आणि मागच्या बाजूलाही तीच छिद्रं आरपार दिसली, तर ते डुकराचं आहे. बाहेरून येणाऱ्या अस्तरात ते बऱ्याचदा असतं आणि विकणारा सांगत नाही. तुमची पाकिटं मालेगावच्या दुकानांतही जातात असं तुम्ही लिहिलंय. तेव्हा त्याचा क्रेट वेगळा ठेवा, आणि ज्या पाकिटांत ते आधीच गेलंय त्यांचा लॉट कुठे आहे तेही शोधा.